नाफ्प्लिओ

ग्रीसच्या पेलोपनीझ द्वीपकल्पाच्या ईशान्येस, आर्गोसच्या आखातावर वसलेले प्राचीन बंदर व आर्गोलिस विभागाचे मुख्य ठाणे. प्राचीन नाव नाउप्लिआ. व्हेनिसच्या अमदानीत ‘नापोली दि रोमानिया’.

नावाच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. परंपरेनुसार समुद्रदेव पॉसायडन व डॅनाओसची कन्या अमायमोनी यांचा पुत्र नाउप्लिओस हा नगराचा संस्थापक. ग्रीक भूगोलज्ञ स्ट्रेबो मात्र ‘नाउस’ म्हणजे जहाज या शब्दावरून नाव पडले असे मानतो आणि नाउप्लिओसची कथा नावावरूनच रचली गेली असे म्हणतो. हे मत अधिक ग्राह्य वाटते. ग्रीक प्रवासवर्णनकार पॉसेनिअसने येथील लोकांना ईजिप्तहून आर्गोसला आलेला पुराणकथेतील राजा डॅनाओस याच्याबरोबर आलेले ईजिप्शियन ठरवले आहे, पण त्याला स्वतंत्र आधार नाही. ईजिप्तमध्ये कोम-एल-हेतान येथील तिसऱ्या आमेनहोतेपच्या (इ.स.पू. चौदावे शतक) मंदिरातील एजियन स्थळांच्या यादीत मायसीनी, नोसोस या कांस्ययुगीन ग्रीक केंद्रांबरोबर आलेले एक नाव बहुतेक अभ्यासक नाउप्लिआ असे वाचतात. हे वाचन खरे असल्यास बंदराची ख्याती कांस्ययुगाइतकी जुनी ठरते. मात्र ईजिप्शियन वसाहतीचा तो पुरावा नव्हे.

स्ट्रेबोने उल्लेखिलेल्या कालॉरिया बेटावरील धार्मिक संघाच्या सात सदस्यांत नाउप्लिआ होते. पुढे त्याच्या वाट्याची वर्गणी शेजारचे आर्गोस नगर भरू लागले. आर्गोसने नगर जिंकल्यावर, बहुधा इ.स.पू. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात, परागंदा रहिवाशांना स्पार्टाने मेसीनियातील मेथोनी दिले. पॉसेनिअस इ.स. दुसऱ्या शतकात आला तेव्हा नगर ओसाड होते. तटाचे अवशेष, पॉसायडनचे देवस्थान व कानाथोसचा झरा त्याने नोंदवला. हेरा देवी दरवर्षी या झऱ्यात स्नान करून कौमार्य परत मिळवते, अशी स्थानिक श्रद्धा होती. आयिआ मोनी मठाजवळच्या पाण्याशी तो जोडला जातो.

मध्ययुगात फ्रँक (पश्चिम यूरोपीय) सरदारांकडून नगर १३८८ मध्ये व्हेनिसने विकत घेतले. १५४० मध्ये ते तुर्कांकडे, १६८६ मध्ये पुन्हा व्हेनिसकडे गेले. व्हेनिसने १७११–१४ मध्ये पालामिडीचा किल्ला बांधला. वर्षभरात, १७१५ मध्ये, तो तुर्कांनी घेतला. स्वातंत्र्ययुद्धात ग्रीकांनी जुन्या (ज्युलियन) पंचांगानुसार ३० नोव्हेंबर १८२२ रोजी तो सर केला. नव्या राज्याची राजधानी १८३४ मध्ये अथेन्सला जाईपर्यंत येथे होती. पहिले राज्यप्रमुख कापोदिस्त्रिआस यांची हत्या ९ ऑक्टोबर १८३१ रोजी येथील सेंट स्पिरिडॉन चर्चच्या दाराशी झाली.

सु. २१६ मी. उंचीच्या पालामिडीला पालामिडीस या नाउप्लिओसच्या पुत्राचे नाव आहे. लिपीची काही अक्षरे व फासे यांच्या शोधाचे श्रेय परंपरा त्याला देते. पायऱ्या ९९९ असल्याचे लोक सांगतात. प्रवेशद्वारापर्यंतची मोजणी साडेआठशेच्या आसपास भरते. स्वातंत्र्ययुद्धाचा सेनानी कोलोकोत्रोनिस याला पुढे याच किल्ल्यात कैदेत ठेवले होते. बंदरातील बुर्त्झी हा पंधराव्या शतकातील लहानसा जलदुर्ग. एकोणिसाव्या शतकात तेथे फाशी देणाऱ्या जल्लादाचे वास्तव्य होते. जुन्या नगराच्या वरचा आक्रोनाफ्प्लिआ हा जुना बालेकिल्ला. त्याच्या तटाच्या तळाशी प्राचीन बांधकाम दिसते. सिंटाग्मा चौकातील १७१३ च्या व्हेनिशियन कोठारात पुराणवस्तुसंग्रहालय असून तेथील, जवळच्या डेंड्रा या गावी सापडलेले, मायसीनीयन काळातील कांस्य चिलखत अवश्य पाहावे. इतके पूर्ण असे त्या काळचे चिलखत क्वचितच आढळते.