पीट पोस्टलथ्वेट : लिव्हरपूलच्या रंगमंचापासून पडद्यापर्यंत

१९९४ साली ऑस्करसाठी सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याची नामांकनं जाहीर झाली, तेव्हा त्यांत ‘इन द नेम ऑफ द फादर’साठी नाव आलेले ब्रिटिश नट पीट पोस्टलथ्वेट नुकतेच ४८ वर्षांचे झाले होते. हॉलिवूडच्या लेखी ते जवळजवळ नवखेच होते. ब्रिटनमध्ये मात्र त्यांच्या गाठीशी वीसेक वर्षांचं नाटकाचं आणि टीव्हीचं काम होतं, आणि माझ्या मते कारकिर्दीतली सगळ्यांत अवघड भूमिकाही तोवर करून झाली होती. नामांकनानंतरच्या चित्रपटांची नुसती यादी वाचून हा नट कळत नाही. त्यासाठी वायव्य इंग्लंडमधल्या कामगार वस्त्यांकडे आणि तिथल्या नाट्यगृहांकडे जावं लागतं.

जन्म ७ फेब्रुवारी १९४६, वॉरिंग्टन. कॅथलिक कुटुंब, चार भावंडांत हे धाकटे. वडील लाकडी पिंपं बांधणारे कारागीर होते, पुढे शाळेत केअरटेकर झाले. ब्रिटनमध्ये १९४४च्या शिक्षण कायद्याने माध्यमिक शिक्षण मोफत झालं होतं आणि कामगारांच्या घरातली पहिली मोठी पिढी कॉलेजच्या दारापर्यंत पोचत होती. पोस्टलथ्वेट त्याच पिढीतले. त्यांनी आधी शिक्षकाचं प्रशिक्षण घेतलं, काही काळ शिकवलं, आणि मग ब्रिस्टल ओल्ड व्हिकच्या नाट्यशाळेत दाखल झाले.

खरी तालीम झाली ती लिव्हरपूलच्या एव्हरीमॅन थिएटरमध्ये. होप स्ट्रीटवरचं हे नाट्यगृह १९६४मध्ये सुरू झालं. सत्तरच्या दशकात ॲलन डॉसर यांच्या दिग्दर्शनाखाली तिथे जमलेली नटमंडळी पाहिली की थक्क व्हायला होतं : जॉनथन प्राइस, बिल नाय, जुली वॉल्टर्स, अँटनी शेर आणि पोस्टलथ्वेट. विली रसेल आणि ॲलन ब्लीझडेल हे लिव्हरपूलच्याच मातीतले नाटककार त्यांच्यासाठी लिहीत होते. नाटकं शहराची, भाषा शहराची. यातली काही मंडळी व्हॅनमध्ये बसून पबमध्ये आणि वस्त्यांमधल्या सभागृहांत प्रयोग करायला जायची. पबमधला प्रेक्षक तिकीट काढून गुपचूप बसलेला नसतो. कंटाळला की तो सरळ पाठ फिरवतो आणि गप्पा मारू लागतो. त्याला दोन मिनिटांत पकडून ठेवण्याची जी ताकद तिथे कमवावी लागली, तीच पुढे दोन मिनिटांच्या चित्रपट-भूमिकांमध्ये दिसते.

त्यांच्या एजंटने त्यांना आडनाव बदलायला सांगितलं होतं. एवढं लांब नाव थिएटरबाहेर दिव्यांनी लिहायचं तर विजेचा खर्च कुणाला परवडणार, असं त्याचं म्हणणं. त्यांनी नाव बदललं नाही.

पडद्यावरची सुरुवात किरकोळच होती. रिडली स्कॉट यांच्या पहिल्या चित्रपटात, १९७७च्या ‘द ड्युएलिस्ट्स’मध्ये, त्यांचं काम अगदी छोटं आहे. १९८१मध्ये बीबीसीच्या एकांकी नाटकांच्या मालिकेत ब्लीझडेलच्या ‘द मसल मार्केट’मध्ये मुख्य भूमिका मिळाली. १९८४च्या ‘अ प्रायव्हेट फंक्शन’मध्ये ते रेशनिंगच्या काळातले यॉर्कशरचे खाटीक झाले.

मग आला टेरेन्स डेव्हिस यांचा १९८८चा ‘डिस्टंट व्हॉइसेस, स्टिल लाइव्ह्ज’. या चित्रपटाबद्दल मला सावकाश सांगायचं आहे. डेव्हिस लिव्हरपूलच्या एका मोठ्या कॅथलिक कुटुंबातले, आणि पडद्यावरचं घर त्यांचंच. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट आणि चॅनल फोर यांच्या पैशातून, तुकड्यातुकड्यांनी, दोन वर्षांच्या अंतराने त्याचं चित्रीकरण झालं. पोस्टलथ्वेट यात बाप आहेत. नाताळच्या आदल्या रात्री हा बाप झोपलेल्या मुलांच्या उशाशी हळुवारपणे भेटींचे मोजे टांगतो. लगेच पुढच्या प्रसंगात मुलं जेवायच्या टेबलाभोवती बसलेली असताना तो टेबलक्लॉथला हिसडा देऊन ताटवाट्या जमिनीवर उडवतो आणि बायकोला आवरायला सांगतो. मध्ये कसलंही स्पष्टीकरण नाही. दुसऱ्या एखाद्या नटाने या दोन टोकांना जोडणारी एखादी केविलवाणी नजर दिली असती, प्रेक्षकाला कारण पुरवलं असतं. पोस्टलथ्वेट ते देत नाहीत. प्रेम खरं आणि दहशतही खरी, आणि दोन्ही एकाच माणसात. मारणाऱ्या बापाच्या घरात वाढलेल्या कुणालाही हे पटेल. चित्रपटाला लोकार्नोच्या चित्रपट महोत्सवात सुवर्ण बिबट्या हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, फ्रान्समधल्या कान महोत्सवात समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. मी त्यांची ही भूमिका ‘इन द नेम ऑफ द फादर’च्याही वर ठेवतो.

१९९०मध्ये त्यांना वृषणाच्या कर्करोगाचं निदान झालं. त्यातून बाहेर पडून त्यांनी १९९२मध्ये ‘एलियन ३’ आणि ‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’ केले. दुसऱ्यात नायक डॅनियल डे-लुईस होते. पुढच्याच वर्षी जिम शेरिडन यांच्या ‘इन द नेम ऑफ द फादर’मध्ये डे-लुईस यांनीच पडद्यावर पोस्टलथ्वेट यांच्या मुलाची भूमिका केली. मागची घटना खरी आणि भयंकर होती. ऑक्टोबर १९७४मध्ये गिल्डफर्डच्या पबमध्ये बॉम्बस्फोट झाले, बेलफास्टच्या जेरी कॉनलनला पकडलं गेलं, आणि मुलासाठी वकील शोधायला लंडनला आलेले वडील जुझेप्पे यांनाही अटक झाली. १९७६मध्ये स्फोटकं हाताळल्याच्या आरोपावरून त्यांना शिक्षा झाली. जानेवारी १९८०मध्ये आजारी जुझेप्पे कैदेतच वारले. मुलगा १९८९मध्ये सुटला. वडिलांची शिक्षा रद्द व्हायला १९९१ उजाडलं. चित्रपटात बापलेक एकाच कोठडीत राहतात. प्रत्यक्षात तसं नव्हतं, आणि या मोकळीकीवर तेव्हा टीकाही झाली. पण त्या कोठडीतला जुझेप्पे कुणावर ओरडत नाही, पत्रं लिहितो, जपमाळ ओढतो, आणि मुलगा हळूहळू त्याच्याकडे वळतो. घर हादरवणारा बाप आणि आवाजही न चढवणारा बाप, अशा दोन भूमिका पाचेक वर्षांच्या अंतराने एकाच नटाने केल्या.

१९९४मध्ये टीव्हीवर त्यांनी साकारलेल्या सार्जंट ओबडाया हेक्सविलचा धागा आपल्याकडेही येतो. बर्नार्ड कॉर्नवेल यांच्या शार्प कादंबऱ्यांवरच्या मालिकेतला हा खलनायक फासावरून वाचलेला, सतत चेहऱ्याला झटके येणारा, टोपी काढून तीत ठेवलेल्या आईच्या चित्राशी बोलणारा आहे. मालिका स्पेन-पोर्तुगालमध्ये नेपोलियनच्या फौजांशी झालेल्या युद्धात घडते. त्यानंतर कॉर्नवेल यांनी त्याच पात्रांच्या आधीच्या आयुष्यावर भारतातल्या कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतली एक जालना जिल्ह्यातल्या असईच्या १८०३च्या लढाईवर आहे, दुसरी त्याच वर्षीच्या गाविलगडच्या वेढ्यावर. दोन्हींत हेक्सविल आहे. मराठ्यांशी झालेल्या लढाया त्यात आहेत म्हणून मी त्या वाचल्या आणि वाचताना डोळ्यांसमोर पोस्टलथ्वेटच येत राहिले.

‘द युजुअल सस्पेक्ट्स’मधला गूढ वकील कोबायाशी १९९५चा, ‘रोमिओ + ज्युलिएट’मधला धर्मगुरू १९९६चा. १९९७मध्ये स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘द लॉस्ट वर्ल्ड’ आणि ‘आमिस्टाड’ या दोन्ही चित्रपटांत ते होते. पोस्टलथ्वेट हे जगातले सर्वोत्तम नट असावेत, असं स्पीलबर्ग तेव्हा म्हणाले होते. त्या काळातली मनाला लागणारी भूमिका मात्र इंग्लंडमधलीच, १९९६च्या ‘ब्रास्ड ऑफ’मधली. ऑक्टोबर १९९२मध्ये ब्रिटिश सरकारने ३१ कोळसा खाणी बंद करण्याचं जाहीर केलं. त्याच महिन्यात यॉर्कशरमधल्या ग्राइमथॉर्पच्या खाणकामगारांच्या बँडने रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. पुढच्या वर्षी खाण बंद पडली. या घटनेवर बेतलेल्या चित्रपटात पोस्टलथ्वेट बँडचे संचालक डॅनी आहेत. छातीत कोळशाची धूळ साठलेली, आणि संगीताखेरीज कशाचीच पर्वा नाही. शेवटी अल्बर्ट हॉलमध्ये जिंकलेली ट्रॉफी नाकारताना ते सांगतात की मला वाटायचं संगीत महत्त्वाचं आहे, पण माणसांपुढे ते काहीच नाही. कामगाराच्या घरात वाढलेल्या माणसाच्या तोंडी हे भाषण आहे, आणि त्यातला एकही शब्द उसना वाटत नाही. चंबावाम्बा या बँडने १९९७च्या ‘टबथम्पिंग’ गाण्याच्या सुरुवातीला हाच आवाज वापरला.

२००४मध्ये ओबीई ही ब्रिटिश सन्मानाची पदवी मिळाली. हवामानबदलावरच्या ‘द एज ऑफ स्टुपिड’च्या २००९मधल्या प्रीमियरला त्यांनी मंत्री एड मिलिबँड यांच्यासमोर जाहीर केलं की किंग्सनॉर्थला कोळशावर चालणाऱ्या नव्या वीज केंद्राला परवानगी दिलीत तर मी ही पदवी परत करेन. त्याच्या आदल्या वर्षी ते किंग लिअर करायला एव्हरीमॅनमध्ये परतले होते.

२०१०मध्ये त्यांचे ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’, ‘इन्सेप्शन’ आणि ‘द टाउन’ असे तीन मोठे चित्रपट आले. ‘इन्सेप्शन’मध्ये ते मरणपंथाला लागलेले उद्योगपती आहेत. ‘द टाउन’मध्ये बोस्टनमधल्या फुलांच्या दुकानात गुलाबांची देठं छाटत धमक्या देणारे टोळीप्रमुख. २ जानेवारी २०११ रोजी, वयाच्या ६४व्या वर्षी, श्रूजबरीत स्वादुपिंडाच्या कर्करोगाने त्यांचं निधन झालं. ‘द टाउन’साठी बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट पुरस्काराचं नामांकन त्याच महिन्यात, त्यांच्या पश्चात, जाहीर झालं. ‘किलिंग बोनो’ हा शेवटचा चित्रपट एप्रिलमध्ये लागला. आजारपणामुळे त्यात ठरलेली भूमिका त्यांना जमणार नव्हती, म्हणून त्यांच्यासाठी घरमालकाची वेगळी भूमिका लिहिली गेली होती.