ऑनलाइन की वर्गात? आधी चिठ्ठ्या टाका

परवा एका ऑनलाइन व्यवस्थापन अभ्यासक्रमाची जाहिरात दिसली. ‘वर्गात बसणाऱ्यांपेक्षा आमच्या ऑनलाइन विद्यार्थ्यांची सरासरी जास्त!’ खाली दोन खांबांचा आलेख, एक बुटका, एक उंच. आकडे खोटे असतील असं मला वाटत नाही. बहुधा खरेच असावेत. तरीही त्यांच्यावरून ऑनलाइन शिकवण्याबद्दल काडीचंही कळत नाही.

एक काल्पनिक वर्ग घेऊ. विषय फायनान्शिअल अकाउंटिंग. विद्यार्थी दोन प्रकारचे. काही जण नोकरीत चार वर्षं हिशेब बघून आलेले अनुभवी, बाकीचे शाळेतून थेट आलेले नवखे. समजा, वर्गात शिकवलं तर अनुभवी सरासरी ७० गुण मिळवतात आणि नवखे ५५. तोच विषय ऑनलाइन शिकवला तर अनुभवी ६६, नवखे ४९. म्हणजे ऑनलाइनमध्ये दोघांचंही नुकसानच. पण नोकरी सांभाळून शिकणारे साहजिकच ऑनलाइनकडे वळणार. तेव्हा वर्गात शंभरात २० अनुभवी आणि ८० नवखे, ऑनलाइनला नेमकं उलटं. आता कागद-पेन्सिल घेऊन सरासरी काढा. वर्गाची येते ५८, ऑनलाइनची ६२.६. दोन्ही गटांना मागे खेचणारी पद्धत एकत्रित आकड्यात पुढे!

पुढची गंमत अशी, की ऑनलाइन अभ्यासक्रम अर्ध्यावर सोडणं फार सोपं असतं. त्या २० नवख्यांपैकी १० जण परीक्षेआधी गळाले, की सरासरी आपोआप ६४.१ होते. कुणीही एक अक्षर जास्त शिकलेलं नाही, फक्त कच्चे विद्यार्थी यादीतून गेले.

याला सिलेक्शन बायस म्हणतात. आलेखातले दोन खांब दोन पद्धतींचे नसतात, दोन वेगळ्या प्रकारच्या माणसांचे असतात.

हा घोळ जुनाच आहे. थॉमस रसेल यांनी १९९९ मध्ये दूरशिक्षणावरची ३५५ संशोधनं एकत्र केली आणि ‘लक्षणीय फरक नाही’ हे वाक्य घोषणेसारखं गाजलं. पण ‘फरक नाही’ आणि ‘फरक सापडला नाही’ यांत बरंच अंतर आहे. इकडे ३० विद्यार्थी, तिकडे ३० आणि गुणांचं प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) १५ असेल, तर साडेसात गुणांपर्यंतचा फरक नेहमीच्या सांख्यिकी चाचणीत ‘लक्षणीय’, म्हणजे निव्वळ योगायोगाने सहसा न पडणारा, ठरतच नाही. साडेसात गुणांत कित्येकांची श्रेणी बदलते! अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २०१० मध्ये अशाच अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा ऑनलाइनचं पारडं किंचित जड निघालं. मथळे त्यावरच झाले. पण तो फायदा मुख्यतः वर्ग आणि ऑनलाइन यांच्या मिश्र पद्धतीतून आलेला होता, आणि त्या विद्यार्थ्यांना बहुतेक वेळा जास्तीचा वेळ आणि जास्तीचं साहित्यही मिळालेलं होतं, हे त्याच अहवालात लिहिलं होतं.

मग खरं उत्तर मिळवायचं कसं? चिठ्ठ्या टाकून. कोण ऑनलाइन शिकेल आणि कोण वर्गात, हे विद्यार्थ्याने ठरवायचं नाही, चिठ्ठीने ठरवायचं. चिठ्ठीला कुणी हुशार आहे, कुणी आळशी आहे, कुणाच्या घरी लहान मूल आहे, यातलं काहीच ठाऊक नसतं. त्यामुळे असे सगळे गुणदोष दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखे वाटले जातात, अगदी आपल्याला मोजता न येणारेसुद्धा. शेवटी जो फरक उरतो तो पद्धतीचा. इतकी स्वस्त आणि इतकी प्रामाणिक युक्ती विज्ञानात दुसरी नसेल.

व्यवसायशिक्षणात पहिल्या वर्षी हमखास शिकवल्या जाणाऱ्या सूक्ष्म अर्थशास्त्रावर असे प्रयोग झाले आहेत. न्यूयॉर्कच्या बरुक कॉलेजात ७२५ विद्यार्थ्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या. निम्म्यांना आठवड्यातून दोनदा वर्ग, निम्म्यांना एकदाच, ऑनलाइन साहित्य सगळ्यांना सारखं. दोनदा येणारे शंभरात २.३ गुणांनी पुढे. म्हणजे वर्ग निम्मे केले तरी आभाळ कोसळलं नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात वर्ग, मिश्र आणि पूर्ण ऑनलाइन असे तीन गट होते. मिश्र गट वर्गाच्या बरोबरीने राहिला, पूर्ण ऑनलाइन गट अंतिम परीक्षेत मागे पडला. २०२० मध्ये वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत त्याच प्राध्यापकांनी काही तुकड्या समोर आणि काही ऑनलाइन शिकवल्या, तेव्हाही ऑनलाइनवाले सुमारे ०.२ प्रमाण विचलनाने खाली आले. विचलन १५ धरलं तर हे तीन गुण.

पण दर वेळी चिठ्ठ्या टाकता येत नाहीत. फी भरलेल्या लाखो विद्यार्थ्यांना ‘तू इकडे, तू तिकडे’ कोण सांगणार? इथे मला अतिशय आवडणारी एक चलाखी कामाला येते. जरा सावकाश वाचा.

अमेरिकेतल्या एका मोठ्या, नफ्यावर चालणाऱ्या विद्यापीठाच्या सुमारे २,३०,००० विद्यार्थ्यांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे एकच अभ्यासक्रम, तीच पुस्तकं आणि तेच गृहपाठ दोन्ही पद्धतींत होते. अडचण तीच: ऑनलाइन निवडणारे वेगळे. संशोधकांनी मग एक अशी गोष्ट शोधली जी निवडीला ढकलते, पण गुणांना थेट हात लावत नाही. एखादा विषय जवळच्या केंद्रावर या सत्रात वर्गात असतो, पुढच्या सत्रात नसतो. केंद्राशेजारी राहणाऱ्याला या ये-जाचा मोठा फरक पडतो: वर्ग असेल तर तो जातो, नसेल तर नाइलाजाने ऑनलाइन घेतो. ५० मैलांवर राहणारा एरवीही ऑनलाइनच घेणार, त्याला वर्ग भरला काय नि न भरला काय. निव्वळ अंतर वापरलं असतं तर शंका आली असती, कारण दूर राहणारे कदाचित मुळातच वेगळे असतील. निव्वळ सत्र वापरलं असतं तरी शंकाच, एखादं सत्र मुळात चांगलं असू शकतं. म्हणून वापरायचा तो दोहोंचा गुणाकार. वर्ग भरणाऱ्या आणि न भरणाऱ्या सत्रांतला फरक जवळच्यांसाठी किती, दूरच्यांसाठी किती, आणि या दोन फरकांमधला फरक किती? अंतराचा स्वतःचा परिणाम आणि सत्राचा स्वतःचा परिणाम या वजाबाकीत गळून जातात. जे उरतं ते चिठ्ठीसारखं वागतं. अर्थमितीत, म्हणजे अर्थशास्त्राच्या सांख्यिकी शाखेत, याला इन्स्ट्रुमेंट म्हणतात. मात्र मिळणारं उत्तर सगळ्यांना लागू नसतं. सोयीप्रमाणे इकडून तिकडे सरकणाऱ्यांनाच ते लागू असतं. काहीही झालं तरी ऑनलाइनच घेणाऱ्यांबद्दल ते गप्प राहतं.

इथवर टिकलात तर निकाल ऐका. ऑनलाइन घेतल्याने चारपैकी श्रेणीगुण ०.४४ ने घसरले, पुढच्या सत्रातली कामगिरीही खालावली. आणि कच्च्या विद्यार्थ्यांची घसरण जास्त होती. वेस्ट पॉइंटमध्येही हेच दिसलं होतं. जो आपणहून वेळापत्रक पाळतो त्याला वर्गाचा दट्ट्या लागत नाही. ज्याला लागतो, त्याच्याकडूनच ऑनलाइन तो काढून घेतं.

अशा चर्चेत कुणीतरी हमखास म्हणतं, ‘मी बघून शिकणारा आहे, मला व्हिडिओच बरे.’ शिकण्याच्या या ‘शैलीं’नुसार शिकवल्याने जास्त समजतं याचा भक्कम पुरावा नाही, असं मानसशास्त्रज्ञांच्या २००८ च्या सविस्तर आढाव्यात निघालं होतं. राशीवरून स्वभाव सांगण्याच्याच पंगतीतली ही समजूत. फक्त ती शिक्षकांच्या कार्यशाळेत विकली जाते.

परीक्षेत काय विचारलं, यावरही बरंच अवलंबून असतं. मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या २००२ च्या अभ्यासात ऑनलाइन गटाची आधीची गुणवत्ता उलट वरचढ होती, तरी परीक्षेत तो मागे पडला. व्याख्या ओळखण्याच्या प्रश्नांत फरक सर्वांत कमी होता. शिकलेली कल्पना नव्या, गुंतागुंतीच्या परिस्थितीत लावायची वेळ आली तिथे तो सर्वांत जास्त झाला. उदाहरणार्थ, ‘मागणीची लवचिकता म्हणजे काय?’ याचं उत्तर व्हिडिओ थांबवून लिहून घेता येतं. ‘लवचिकता १.५ असताना किंमत १० टक्के वाढवली तर विक्रीचं एकूण उत्पन्न वाढेल की घटेल?’ इथे मात्र आपण चुकतोय हे वेळेवर सांगणारं कुणीतरी लागतं. (घटेल. लवचिकता म्हणजे किंमत एक टक्का वाढली की खप किती टक्के घटतो ते. इथे खप साधारण १५ टक्के पडतो.)

त्या जाहिरातीत प्रश्नपत्रिकेचा नमुना दिलेला नव्हता. किती जणांनी अभ्यासक्रम मध्येच सोडला, तेही नव्हतं.