धावपट्टी दिसली नाही तर : वैमानिकांच्या हवामान-मर्यादा आल्या कुठून

गेल्या जुलैमधली गोष्ट. सांगलीला विमानतळ नाही, म्हणून शेजारच्या जिल्ह्यात जाऊन मुंबईच्या विमानाची वाट बघत बसलो होतो. पाऊस उघडला होता, पण ढग फार खाली आले होते. विमानाचा आवाज डोक्यावरून गेला, थोड्या वेळाने परत आला, आणि या खेपेला इंजिनांचा जोर एकदम वाढला. मग आवाज लांब गेला तो गेलाच. विमान परत फिरवल्याची घोषणा झाली. शेजारी मिरजेचे एक काका होते, लेकीकडे निघालेले. "अहो, पाऊस तर उघडलाय की! उतरायला काय धाड भरली होती?" ते म्हणाले. मागून कुणीतरी भर घातली, "पायलट नवखा असणार."

काकांच्या प्रश्नाचं उत्तर घडायला शंभर वर्षं लागली आहेत आणि त्यापायी फार माणसं गेली आहेत. किती खाली यायचं आणि काय दिसलं तर उतरायचं, हे वैमानिकाच्या त्या क्षणीच्या हिमतीवर सोडलेलं नसतं. ते आधीच, शांत डोक्याने, कागदावर ठरलेलं असतं.

सांगलीकराला हे कळायला जड जाऊ नये. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. पावसाळ्यात गावभर एकच प्रश्न असतो, "पाणी किती फुटांवर?" आकडा चाळिशीकडे सरकला की सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड इथली माणसं सामान माळ्यावर चढवतात. "मला पोहता येतं, मी थांबतो" असं म्हणणाऱ्याचं घरातलं कुणी ऐकत नाही. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आकडा गांभीर्याने घेणं म्हणजे काय, ते सगळ्यांनी पाहिलं. वैमानिकाच्या पातळीला 'मिनिमा' म्हणतात. फरक इतकाच की इथे पातळीकडे वरून खाली यायचं.

ती कशी चालते ते जवळून बघू. धावपट्टीला आयएलएस ही यंत्रणा असेल, तर तिच्या रेडिओलहरी विमानाला डावं-उजवं आणि वर-खाली दोन्हीकडून धरून रेषेवर आणतात. आयएलएसच्या पहिल्या श्रेणीत निर्णयाची उंची धावपट्टीपासून २०० फूट, आणि धावपट्टीवरची दृश्यता ५५० मीटर. ही दृश्यता कुणी डोळ्यांनी अंदाजत नाही. कडेला बसवलेलं उपकरण ती मोजतं आणि वैमानिकाला आकडा कळवला जातो. विमानतळापासून १००० फूट उंचीवर येण्याआधीच आकडा मर्यादेच्या खाली असेल, तर पुढे खाली यायचंच नाही. त्यापुढे आल्यावर घसरला, तर निर्णयाच्या उंचीपर्यंत यायची मुभा असते. तिथे कॉकपिटमध्ये यंत्राचा आवाज येतो, "मिनिमम". त्या क्षणी धावपट्टीचे दिवे दिसत असतील तर उतरायचं. नसतील तर "गो-अराउंड" म्हणायचं, इंजिनांना पूर्ण जोर द्यायचा, नाक वर, चाकं आत. "अजून दोन सेकंद बघू" हा पर्यायच नसतो.

आम्हाला ऐकू आलेला जोर तो हाच. लहान विमानतळावर आयएलएस नसेल, तर निर्णयाची उंची चारशे-पाचशे फुटांवर जाते, आणि आसपास डोंगर असतील तर त्याहूनही वर. पाऊस थांबलेला असला तरी ढगाचा तळ त्या उंचीच्या खाली असेल, तर वैमानिकाला राखाडीशिवाय काही दिसत नाही.

आता मागे जाऊ. पहिला झगडा आकड्यांचा नव्हताच. ठरवायचं कुणी, याचा होता. १९१९ च्या जुलैत अमेरिकेत टपाल नेणाऱ्या वैमानिकांनी संप केला. न्यूयॉर्कजवळच्या मैदानावर दाट धुकं होतं, दोघांनी उडायला नकार दिला आणि त्यांना कामावरून काढलं. वॉशिंग्टनमधल्या कार्यालयाचा हुकूम होता : टपाल वेळेवर गेलंच पाहिजे. बाकीच्यांनी काम थांबवलं. काही दिवसांत तडजोड झाली, आणि उडायचं की नाही याचा निर्णय राजधानीतल्या खुर्चीवरून मैदानावरच्या माणसाकडे आला. माझ्या मते विमानवाहतुकीतल्या हवामान-नियमांची सुरुवात इथे झाली. पुढचे सगळे आकडे याच प्रश्नाची उत्तरं आहेत.

त्या काळात ढगात शिरणं म्हणजे आंधळी कोशिंबीर होती. बाहेरचं काही दिसेनासं झालं की माणूस कानातल्या तोलावर विसंबतो आणि तो तोल फसवतो. विमान हळूहळू कलत असतं, आणि आपण सरळ चाललोय असंच वाटत राहतं. सांगलीत आयर्विन पूल खुला झाला त्याच १९२९ साली, २४ सप्टेंबरला, न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर अमेरिकी लष्करातले वैमानिक जिमी डूलिटल यांनी यावर तोड निघू शकते हे दाखवलं. त्यांची बैठक कापडी छताने पूर्ण झाकली होती. पुढच्या बैठकीत बेन केल्सी खबरदारीसाठी होते, पण त्यांनी हात लावला नाही. कृत्रिम क्षितिज दाखवणारं यंत्र, दिशा दाखवणारं जायरो, पॉल कोल्समन यांचा नवा संवेदनशील उंचीमापक आणि रेडिओचा इशारा, एवढ्यावर डूलिटल उडाले, फेरी मारून आले आणि उतरले. यंत्रावर विश्वास ठेवता आला, तेव्हाच 'इथवर या, याखाली नको' असा आकडा लिहिणं शक्य झालं. २६ जानेवारी १९३८ ला पिट्सबर्गला हिमवादळात एक प्रवासी विमान आयएलएसच्या आधारे उतरलं. अमेरिकेतल्या नियमित सेवेतलं तसं ते पहिलं.

आपल्याकडची गोष्ट आपल्याच डोक्यावरून गेलेली आहे. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटांनी कराचीहून मुंबईला टपाल आणलं आणि त्यांचे सहकारी वैमानिक नेव्हिल विन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. नकाशावर मुंबई ते बेल्लारी सरळ रेघ ओढा. ती साताऱ्याच्या थोडी पूर्वेकडून जाते आणि पुढे विटा-आटपाडीच्या टापूवरून. एका इंजिनाचं लहानसं विमान, त्यात रेडिओ नाही. जुहूचं मैदान पावसाळ्यात चिखलात जायचं, मग मुक्काम पुण्याला हलायचा. तरीही पहिल्या वर्षभरात टपाल एकदाही चुकलं नाही, भर पावसाळ्यात पश्चिम घाटावरून जातानासुद्धा, अशी सरकारी अहवालात नोंद आहे. ही नोंद वाचून ऊर भरून येतो आणि पोटात गोळाही येतो. जुलैत महाबळेश्वर-कोयनेकडे गेलेल्या कुणालाही माहीत आहे की तिथे ढग वर नसतो, रस्त्यावर बसलेला असतो. त्या वैमानिकांचं कौशल्य मोठंच होतं. पण वाहतूक रोजची झाली, मागे शेकडो प्रवासी बसू लागले, की ती कौशल्याच्या जोरावर चालवता येत नाही.

म्हणून कायदा आला. भारतात १९३४ चा विमान अधिनियम, मग १९३७ चे विमान नियम. १९४४ च्या डिसेंबरात शिकागोचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या सहाव्या परिशिष्टात विमान चालवण्याचे नियम आहेत, तिसऱ्यात हवामानसेवेचे. आपली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची नियमावली त्यांनाच धरून आहे. ९० वर्षांचा जुना अधिनियम जाऊन २०२४ चा भारतीय वायुयान अधिनियम आला आणि तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. पण मिनिमाचा गाभा तोच आहे.

आकडे खाली आणायचं काम धुक्याने केलं, मुख्यतः लंडनच्या. १० जून १९६५ ला ब्रिटनच्या बीईए या विमान कंपनीच्या ट्रायडंट विमानाची चाकं हीथ्रोच्या धावपट्टीवर यंत्राने आपणहून टेकवली, मागे पैसे भरलेले प्रवासी बसलेले असताना. पुढे दुसरी श्रेणी आली, निर्णयाची उंची १०० फुटांवर उतरली, मग तिसरी. आज दिल्लीत दृश्यता ५० मीटर असतानाही विमान उतरू शकतं. मात्र धावपट्टी, विमान आणि दोन्ही वैमानिक, तिघेही त्या श्रेणीला पात्र हवेत. एकही कमी पडला तर मोठा आकडा लागू. एकाच धुक्यात एक विमान उतरतं आणि पाठचं जयपूरला वळवलं जातं, ते बहुधा यामुळे. टीव्हीवर मात्र 'प्रवाशांचे हाल' एवढंच दिसतं.

आकडा लिहिलेला असून माणूस त्याच्या खाली का जातो, हा या इतिहासातला सगळ्यात दुखरा भाग. १९ ऑक्टोबर १९८८ च्या पहाटे मुंबईहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ अहमदाबादला उतरत होतं. दृश्यता कमी होती. धावपट्टी शोधण्याच्या नादात विमान मर्यादेखाली आलं, उंचीमापकाकडे लक्ष राहिलं नाही, आणि ते विमानतळाच्या अलीकडेच पडलं. १३५ पैकी १३३ जण गेले.

७ ऑगस्ट २०२० ला कोळिकोडला पावसात पहिला प्रयत्न सोडून दुसऱ्या बाजूने उतरताना मागून वारा होता. विमान धावपट्टीवर फार पुढे टेकलं. सहवैमानिकाने गो-अराउंड सुचवलं होतं, तरी उतरणं चालूच राहिलं. धावपट्टी पठारावरची, विमान तिच्या टोकावरून खाली गेलं. दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचा जीव गेला. दुसऱ्या दिवशी सकाळचं उड्डाण चालवण्यासाठी त्याच गावी पोचण्याची कॅप्टनची ओढ आणि तिथे कॅप्टनची अपुरी संख्या, यांचाही उल्लेख चौकशी अहवालात आहे. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो धडकून ५८३ माणसं गेली. तिथेही त्यांतल्या एका विमानाच्या डच कॅप्टनवर कामाचे तास संपत आल्याचा ताण होता.

म्हणूनच मला हवामानाचे आणि विश्रांतीचे नियम वेगळे वाटत नाहीत. थकलेल्या, घाईतल्या माणसाला २०० फूट हा आकडा १८० सारखा वाटू लागतो. १९७४ मध्ये अमेरिकेत शार्लटला धुक्यात एक विमान पडलं, तेव्हा वैमानिक उतरताना इतर गप्पा मारत होते असं निघालं. त्यातून १९८१ चा नियम आला : १०,००० फुटांखाली कामापुरतंच बोलायचं. अमेरिकेत त्या प्रकारच्या विमानावर १०० तास न झालेल्या कॅप्टनला मिनिमात आणखी १०० फूट मिळवावे लागतात. 'पायलट नवखा असणार' म्हणणाऱ्यांना हे सांगायला हवं : नवख्याने आधी वळायचं, हेच तिथल्या नियमात लिहिलेलं आहे. आपल्याकडे नव्या नियमांनी वैमानिकांची आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर नेली आणि रात्री विमान उतरवण्याची मर्यादा दोन वेळांवर आणली. २०२५ च्या डिसेंबरात उड्डाणं रद्द होऊन देशभर गोंधळ उडाला, तेव्हा बरेच जण या नियमांवरच चिडले. खरा सवाल नियम कळवून इतका काळ गेल्यावरही माणसं का नेमली नाहीत, हा होता.

आपल्या भागातली कराडची छोटी धावपट्टी कोयना प्रकल्पाच्या काळातली. अशा ठिकाणी डोळ्यांनी बघूनच उडायचं असतं, आणि त्याचेही आकडे आहेत : ५ किलोमीटर दृश्यता, ढगापासून आडवं १५०० मीटर आणि उभं १००० फूट अंतर. नोव्हेंबर-डिसेंबरात उसाच्या फडांवर पहाटेचं धुकं बसतं तेव्हा कृष्णाकाठी समोरचा बांध दिसत नाही. पाच किलोमीटर तर सोडाच. सूर्य वर येईपर्यंत थांबणं एवढंच हातात असतं. आयएलएसचा खर्च लहान विमानतळाला झेपत नाही, म्हणून आता उपग्रहावरून वाट दाखवणारी गगन ही आपली यंत्रणा पुढे येते आहे. २८ एप्रिल २०२२ ला राजस्थानात किशनगडला तिच्या आधाराने एटीआर हे लहान प्रवासी विमान उतरवून पाहिलं गेलं. तिच्यामुळे लहान ठिकाणी निर्णयाची उंची खाली येऊ शकते, धावपट्टीवर महागडी यंत्रं न बसवता.

त्या दिवशी काकांना दुसऱ्या दिवशीचं तिकीट मिळालं. सकाळी ढग वर गेले होते. विमान पहिल्याच खेपेला उतरलं.