पऱ्हाटीवरचे ते तपकिरी दाणे

पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या झाडावर, पांढऱ्या पिठ्या ढेकणांमध्ये कडक तपकिरी दाणे दिसले, की ‘किडीची अंडी आली, फवारा मारा’ असं गावोगाव ऐकू येतं. केंद्रीय कापूस संशोधन संस्था नागपुरातच, तरी हा समज काही हटत नाही!

ती अंडी नव्हेत, मेलेले ढेकूण आहेत. एनासियस एरिझोनेन्सिस ही जेमतेम २ मिलिमीटरची काळी गांधीलमाशी (माणसाला डसत नाही) ढेकणाच्या अंगात अंडं घालते. अळी त्याला आतून खाते, वरची कातडी टणक होते, आणि नवी माशी गोल भोक पाडून निघते. २००९ साली भारतातून तिचं वर्णन झालं ते एनासियस बंबावालेई या नावानं.

दाण्याला भोक नसेल, तर माशी बहुधा अजून आतच आहे. ती फांदी जाळू नका.