ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर: तापमान व शीतन

कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जास्त वेगाने चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. वाढवलेला वेग टिकावा म्हणून बहुधा व्होल्टेजही वाढवावे लागते आणि खरी उष्णता तिथून येते. विजेचा खप वेगाच्या प्रमाणात वाढतो, व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात. व्होल्टेज १० टक्के वाढवले की तेवढ्यानेच खप सुमारे २१ टक्क्यांनी चढतो.

इंटेल कोअर आय९-१३९००केची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे, एएमडीच्या रायझन ७ ७८००एक्स३डीची ८९. तिथे पोचताच प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग फुकट जाते. रोजच्या वापरात पूर्ण ताणाखाली ८० ते ८५च्या आत राहावे, हे उत्तम.

मराठवाड्यात या आकड्यांआधी खोलीचे तापमान पाहावे लागते. हवेवर किंवा पाण्यावर चालणारा कुठलाही कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त दोघांतला फरक कमी ठेवतो. डिसेंबरात २५ अंशांच्या खोलीत ८० दाखवणारा प्रोसेसर ५५ अंशांनी वर असतो. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे खोली ४२वर गेली की तोच ९७वर जातो. वरच्या मजल्यावर तर दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत धग सोडतो. म्हणून थंडीत जमवलेली सेटिंग उन्हाळ्यासाठी पक्की धरू नये. चाचणी मे महिन्यातल्या दुपारी घ्यावी.

मध्यम ओव्हरक्लॉकिंगला दोन पंख्यांचा चांगला टॉवर कूलर (धातूच्या पात्यांचा उभा, हवेवर चालणारा कूलर) पुरतो. त्यात पंप नसतो, पाणी गळायची भीती नसते. २०० वॅटच्या पुढे खेचणाऱ्या प्रोसेसरला ३६० मिलिमीटर रेडिएटरचा (पाण्यातली उष्णता हवेत सोडणाऱ्या जाळीचा) बंदिस्त लिक्विड कूलर घ्यावा. स्वतः जोडलेल्या लूपमध्ये, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या नळ्यांच्या जोडणीत, बोअरचे पाणी कधीच भरू नये: त्यातल्या क्षारांचा पांढरा थर ब्लॉकच्या, म्हणजे प्रोसेसरवर बसणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, केसाएवढ्या बारीक खाचांत बसतो आणि पाण्याची वाट अडते. डिस्टिल्ड वॉटर आणि गंज रोखणारे द्रावणच वापरावे.

इकडे 'कूलर' म्हटले की आधी आठवतो तो वाळ्याच्या ताट्यांचा, आणि प्रोसेसरलाही त्याचा मोठा आधार असतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो खोली कित्येक अंशांनी उतरवतो; तेवढेच अंश प्रोसेसरचेही उतरतात. त्याचा झोत मात्र थेट कॅबिनेटवर घेऊ नये, कारण तुषारांबरोबर क्षार मदरबोर्डवर जातात. पावसाळ्यातल्या दमट हवेत त्याचा उपयोग फारसा उरत नाही.

काळ्या मातीची बारीक धूळ हीटसिंकच्या (कूलरच्या उष्णता सोडणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांत नमद्यासारखी बसते. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा रंगाच्या मऊ ब्रशने ती काढावी. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते भरधाव फिरून बेअरिंग खराब होते.