दोन राज्यांच्या दफ्तरांत विखुरलेले जोगप्पा

माघी पौर्णिमेला सौंदत्तीच्या डोंगरावर निपाणी, चिकोडी, अथणी, खानापूर आणि पलीकडच्या कोल्हापूर-सांगलीच्या गाड्या लागतात. ‘उदो गं आई उदो’ चाललेलं असतं आणि त्या गर्दीत जोगप्पा असतात. अंगावर लुगडं, कपाळभर भंडारा, गळ्यात दर्शन म्हणजे देवीच्या नावाची माळ, डोक्यावर जग म्हणजे देवीची सजवलेली बुट्टी. जन्मतः मुलगा म्हणून वाढवलेली आणि यल्लम्मानं ओढून घेतलं म्हणून बाईच्या वेशात देवीची झालेली ही माणसं. कन्नडमध्ये जोगप्पा, मराठीत जोगता. ट्रान्सजेंडर हा शब्द आपल्या भागात येण्याच्या कितीतरी आधीपासून ही नावं इथं आहेत.

लहानपणी आमच्या गल्लीत मंगळवारी जोगवा मागायला येणाऱ्या एकांचा जग मी जवळून पाहिला आहे. बुट्टीला नेसवलेलं हिरवं लुगडं, मधे देवीचा पितळी मुखवटा, मागं मोरपिसं. आई सुपातून जोंधळे आणून परडीत घालायची आणि भंडारा लावून घ्यायची. उंबऱ्याच्या आत मात्र त्यांना कधी बोलावलं नाही. पाया पडणं आणि बाहेर ठेवणं एकाच दारात चालायचं, हे आठवलं की आजही वाईट वाटतं.

त्यांचा इतिहास कागदावर शोधायला गेलं की पहिल्यांदा आडवी येते ती सीमाच. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं, नंतर म्हैसूर राज्यात गेलं. त्यामुळे आधीच्या सरकारी कागदासाठी मुंबई-पुण्याचं दफ्तर आणि मोडी, मराठी, इंग्रजी. नंतरच्यासाठी बंगळूर आणि कन्नड. ज्यांनी कधी सीमा मानली नाही, त्यांचे कागद मात्र दोन राज्यांत वाटले गेले.

त्या कागदांतही त्यांचा स्वतःचा आवाज फारसा नाही. १८८४ चं बेळगावचं गॅझेटियर यल्लम्माचा डोंगर आणि जत्रा वर्णन करतं, पण ते राज्य चालवणाऱ्यांच्या नजरेतून. हिजड्यांबद्दलचे कागद त्याहून जुने आहेत. मराठेशाहीत दख्खनमध्ये त्यांना गावोगाव हक्कानं भिक्षा मागण्याच्या सनदा मिळत, कुठं थोडी इनाम जमीनही असे. १९व्या शतकाच्या मध्यावर मुंबई सरकारनं हे हक्क गुरूमागून चेल्याकडे जाऊ देणं थांबवलं. (जोगप्पा आणि हिजडा एक नव्हेत. हिजड्यांत घराणी आणि गुरू-चेल्याची साखळी असते. जोगप्पांचं नातं देवीशी, आणि त्यांच्यातले बरेच जण निर्वाण, म्हणजे लिंगछेद, करून घेत नाहीत.)

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला आणि उत्तर हिंदुस्थानात ‘युनक’ (इंग्रजीत नपुंसक, हिजडा) माणसांची पोलिसी नोंदवही सुरू झाली. बाईच्या वेशात रस्त्यावर दिसणं, नाचणं हा गुन्हा ठरला. वैद्यकीय तपासणीत जो नपुंसक दिसेल तोही त्याच व्याख्येत. आंतरलिंगी, म्हणजे धड पुरुषाचं वा धड बाईचं म्हणता येणार नाही असं शरीर घेऊन जन्मलेली माणसं आणि मनानं स्त्री असलेली माणसं इथं एकाच शब्दाखाली कोंबली गेली. ती नोंदवही जुनी झाली असं वाटत असतानाच २०११ मध्ये कर्नाटक पोलीस कायद्यात ३६अ कलम घालून तशाच नोंदीची तरतूद झाली. संघटना न्यायालयात गेल्या, तेव्हा पुढे त्यातला ‘युनक’ शब्द काढावा लागला.

कर्नाटकचा १९८२ चा देवदासी बंदी कायदा देवाला सोडलेल्या स्त्रीबद्दल बोलतो; जोगप्पा त्या व्याख्येत बसतच नाहीत. कायद्यात त्यांचं नाव आलं ते २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती कायद्यात: किन्नर, हिजडा, अरवाणी आणि जोगता. आंतरलिंगी व्यक्तीही त्याच व्याख्येत आल्या. पण त्यांचा इतिहास बहुतेक दवाखान्याच्या केसपेपरवरच आहे, आणि तान्ह्या बाळावर नको ती शस्त्रक्रिया झाली तर पुढे ते सांगणार कोण? तमिळनाडूनं अशा शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये बंदी आणली.

कागद मुके म्हणून लिहिणाऱ्यांनी दुसरी वाट काढली. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांनी १९८०च्या दशकात सीमाभागातल्या जोगतिणी-जोगत्यांचं जगणं मराठीत आणलं. पण स्वतः जोगप्पानं लिहिलेलं पान त्याहून दुर्मीळ. अमेरिकेत आंतरलिंगी चळवळीनं १९९०च्या दशकात आपलं वार्तापत्र काढलं. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात २०११ पासून ट्रान्सजेंडर कागदपत्रांचा संग्रह उघडला आहे. बंगळुरात ‘काम्रा’ (QAMRA) हा क्वीअर, म्हणजे समलिंगी, ट्रान्सजेंडर अशा माणसांच्या, दस्तऐवजांचा संग्रह राष्ट्रीय विधी विद्यापीठात आहे. जोगती नृत्य करणाऱ्या मंजम्मा जोगती कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या, त्यांना पद्मश्रीही मिळाली. एवढं झालं तरी बेळगावच्या एखाद्या जोगप्पाच्या ट्रंकेतली सामग्री अजून ट्रंकेतच आहे.

मला वाटतं, आपल्याकडे सुरुवात झेरॉक्स काढून दोऱ्यानं शिवलेल्या आठ-सोळा पानी पुस्तिकेनं व्हावी. डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर कन्नड. चौंडकं या तंतुवाद्यावरची गाणी, देवीचं बोलावणं मानली जाणारी केसांची जट आली तो दिवस, पहिल्यांदा लुगडं नेसवलं तेव्हा घरचे काय म्हणाले ते. गाणी आधी घ्यावीत, कारण ती तोंडपाठ आहेत आणि म्हणणारे म्हातारे झालेत. अनेकांचे भाऊ-भावजया त्याच गावात राहतात, म्हणून काही पानांवर नाव नसावं, फोटो पाठमोरा असावा, आणि कुठली पेटी कधी उघडायची हे ज्याची त्यानंच ठरवावं.