मायक्रोकंट्रोलरद्वारे बॅटरीची पातळी मोजणे

पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटरीत एखाद्या क्षणी किती विद्युतभार उरला आहे, हे तिच्या पूर्ण क्षमतेच्या टक्केवारीत ठरवण्याची पद्धत. बॅटरीवर चालणारे सेन्सर, हातात धरायची उपकरणे, ई-बाइक, पॉवर बँक अशा सर्व ठिकाणी ती लागते. ही टक्केवारी थेट मोजता येत नाही. इन्व्हर्टरच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीत निदान हायड्रोमीटर बुडवून आम्लाची घनता पाहता येते. बंदिस्त लिथियम-आयन सेलमध्ये तीही सोय नाही. बाहेरून कळतात त्या व्होल्टेज, करंट आणि तापमान एवढ्याच गोष्टी, आणि टक्केवारी हा त्यांवरून बांधलेला अंदाज असतो.

सर्वांत प्रचलित मार्ग व्होल्टेजचा. १८ मिमी व्यासाचा आणि ६५ मिमी लांबीचा १८६५० हा लिथियम-आयन सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो आणि ३ व्होल्टच्या आसपास तो रिकामा धरला जातो. मात्र ही उतरण सरळ नसते. निम्म्याहून अधिक भार ३.६ ते ३.९ व्होल्ट या चिंचोळ्या पट्ट्यात असतो, त्यामुळे ४.२ ते ३ चे सरळ शंभर भाग पाडणारा प्रोग्रॅम हमखास चुकतो. त्याऐवजी त्या सेलचा व्होल्टेज-भार तक्ता मेमरीत ठेवून दोन नोंदींमधली किंमत काढतात.

तक्ता कितीही चांगला असला तरी आधी व्होल्टेज खरे मोजले गेले पाहिजे, आणि हौशी प्रकल्प बहुधा इथेच फसतात. मायक्रोकंट्रोलर म्हणजे उपकरण चालवणारी छोटी संगणक-चिप. तिच्यातला एडीसी, म्हणजे व्होल्टेजचे आकड्यात रूपांतर करणारा भाग, मोजायच्या व्होल्टेजची तुलना एका संदर्भ व्होल्टेजशी करतो. चिप थेट त्याच सेलवर चालत असेल आणि संदर्भ म्हणून चिपचाच पुरवठा निवडला असेल, तर सेल उतरला की संदर्भही तितकाच उतरतो आणि वाचन जागचे हलत नाही. मध्ये पुरवठा ३.३ व्होल्टवर स्थिर ठेवणारा रेग्युलेटर असला तरी सेल त्या पातळीजवळ आला की रेग्युलेटरचा आउटपुट घसरू लागतो, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच मापन बिघडते.

यावर उपाय म्हणजे चिपमधला स्थिर संदर्भ. आर्डुइनो उनो या बोर्डावरच्या एटीमेगा३२८पी या चिपमध्ये तो १.१ व्होल्टचा असतो. ३०० किलोओहम आणि १०० किलोओहम रोधांच्या विभाजकाने सेलचे व्होल्टेज चौथाईवर आणले, की ४.२ चे १.०५ होतात आणि १० बिटांच्या एडीसीची एक पायरी सेलच्या सुमारे ४.३ मिलिव्होल्टइतकी पडते. एवढी बारकाई पुरेशी आहे. अडचण अशी की १.१ हा आकडा नाममात्र आहे. उत्पादकाच्या माहितीपत्रकानुसार तो १.० ते १.२ व्होल्टच्या दरम्यान कुठेही असू शकतो. प्रत्यक्षात तो १.१५ असेल आणि प्रोग्रॅम १.१ धरून चालला, तर ३.८ व्होल्टचा सेल ३.६३ व्होल्ट दाखवेल. निम्म्याच्या आसपास भरलेला सेल संपत आल्यासारखा दिसेल. भरवशाच्या मल्टिमीटरने एकदा खरे व्होल्टेज मोजून त्या चिपपुरता सुधारणा-गुणक ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) साठवला, की ही चूक आणि रोधांमधला एक टक्क्याचा फरक एकदमच निघून जातात. पाच मिनिटांचे हे काम महागडा एडीसी विकत घेण्यापेक्षा जास्त फळ देते.

विभाजकाचे रोध मोठे ठेवले की गळती कमी होते: वरच्या जोडीतून सुमारे १०.५ मायक्रोअँपिअर, म्हणजे वर्षाला ९२ मिलिअँपिअर-तास. हा आकडा किरकोळ वाटला तरी गाढ झोपेतली चिप स्वतः याहून कमी करंट घेते, म्हणून पुष्कळदा मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) लावून विभाजक फक्त मोजण्यापुरता जोडतात. दुसरीकडे, या एडीसीला १० किलोओहमपर्यंतचाच स्रोत-रोध (त्याला जोडलेल्या परिपथाचा रोध) मानवतो, आणि मोठ्या रोधांचा विभाजक त्यात बसत नाही. त्यासाठी खालच्या रोधाला समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावतात आणि मॉसफेट चालू केल्यावर तो भरेपर्यंत थांबून मगच वाचन घेतात. संदर्भ बदलल्यानंतरचे पहिले वाचन टाकून द्यावे आणि पुढच्या काहींची सरासरी घ्यावी. ईएसपी३२ ही वाय-फाय असलेली चिप वापरणाऱ्यांनी तिच्या दुसऱ्या एडीसीच्या (एडीसी-२) पिना टाळाव्यात, कारण वाय-फाय चालू असताना त्या मापनासाठी मिळत नाहीत. शिवाय या चिपचा एडीसी मापनकक्षेच्या दोन्ही टोकांना वाकडा वाचतो.

व्होल्टेज अचूक मिळाले तरी ते कोणत्या क्षणी घेतले हे महत्त्वाचे. सेलचा अंतर्गत रोध, वायरी आणि होल्डर मिळून ०.१ ओहम धरला, तर वाय-फायसाठी ३०० मिलिअँपिअर ओढताच व्होल्टेज ३० मिलिव्होल्टने पडते. थंडीत हा रोध वाढतो आणि सेल जुना होतो तसाही वाढतो. करंट ओढणे थांबले की व्होल्टेज हळूहळू वर येते, म्हणून विसाव्यानंतर, रेडिओ चालू होण्याआधी घेतलेले वाचन खरे. चार्जिंगच्या वेळी उलटी फसगत होते: चार्जर व्होल्टेज ४.२ वर नेऊन धरतो, पण करंट कमी होत जवळजवळ थांबेपर्यंत सेल भरलेला नसतो. वापर चालू असताना टक्केवारी वर चढू न देणे ही बहुतेक उपकरणांतली सोयीची युक्ती आहे. ती दिसण्यापुरतीच, पण वापरणाऱ्याचा विश्वास टिकवते.

दुसरा मार्ग आत-बाहेर जाणाऱ्या करंटचा हिशेब ठेवण्याचा. वाटेत ०.१ ओहमचा शंट, म्हणजे छोटा रोध, ठेवून त्यावरचे सूक्ष्म व्होल्टेज आयएनए२१९ सारख्या चिपने मोजतात आणि काळानुसार बेरीज करतात. बेरजेत चूकही साचते: १ मिलिअँपिअरची कायमची चूक ३० दिवसांत ७२० मिलिअँपिअर-तास होते, म्हणजे २,६०० मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या सेलचा पावहून जास्त हिस्सा. म्हणून सेल पूर्ण भरला की बेरीज नव्याने सुरू करतात. लिथियम आयर्न फॉस्फेट सेलमध्ये मात्र हा मार्ग टाळता येत नाही, कारण त्याचे व्होल्टेज मधल्या मोठ्या टप्प्यात ३.२-३.३ च्या आसपास जवळजवळ सपाट राहते.

दोन्ही मार्ग एकत्र करून प्रत्येकाची चूक दुसऱ्याने सुधारायची, हे कालमन फिल्टर या गणिती पद्धतीने साधते. रूडॉल्फ कालमन यांनी तो १९६० मध्ये मांडला, आणि ग्रेगरी प्लेट यांच्या २००४ मधील शोधनिबंधांनंतर बॅटरी व्यवस्थापनात त्याचा विस्तारित प्रकार रूढ झाला. लहान उपकरणांत हे काम तयार फ्युएल गेज (बॅटरीची पातळी सांगणाऱ्या) चिपवर सोपवतात. मॅक्स१७०४८ शंटाशिवाय, केवळ व्होल्टेज आणि सेलच्या प्रतिमानावरून अंदाज करते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची बीक्यू२७४४१ करंट मोजते आणि अंतर्गत रोध कसा वाढतो यावरही लक्ष ठेवते. दोन्ही आय-स्क्वेअर-सी या दोन तारांच्या जोडणीवरून थेट टक्केवारी कळवतात. त्यांतले प्रतिमान मात्र ठरावीक प्रकारच्या सेलसाठी असते, आणि वेगळ्या रसायनाचा सेल जोडला तरी चिप तितक्याच ठामपणे आकडा देत राहते.